‘मला कुठलंच औषध मानवत नाही’

हे वाक्य दवाखान्यात उच्चारलं गेलं की सोबत आलेल्या नातेवाइकाच्या चेहऱ्यावर एक ठरावीक भाव येतो. ‘बघा ना डॉक्टर, अर्धी गोळी घेतली तरी रात्रभर उठून बसते.’ पुढे बहुधा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर ‘सगळं मनाचं आहे, लक्ष देऊ नका’ असं सांगून तीच गोळी परत लिहून दिली जाते, नाहीतर फाइलवर ‘ॲलर्जी’ असं लिहून ते औषध कायमचं बाद होतं. माझ्या मते दोन्हींत रुग्णाचं नुकसान आहे. ज्यांच्या आयुष्यात एखादा मोठा आघात होऊन गेला आहे, त्यांचं तर जास्तच.

आघात म्हणजे रस्त्यावरचा अपघात, मारहाण, लैंगिक अत्याचार, भाजणं, पुरात घर जाणं, जिवावर बेतलेलं बाळंतपण, आयसीयूत नळ्या लावून काढलेले दिवस. यानंतर काही जणांना पीटीएसडी हा आजार होतो. काहींना तेवढा होत नाही, पण धसका राहतो. मराठीतला हा शब्द मला फार नेमका वाटतो, कारण धसका नुसतं मन घेत नाही, शरीरही घेतं. धोका ओळखणारी यंत्रणा सतत जागी राहते. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला होतं, झोप सावध लागते आणि शरीराच्या आत काय चाललंय याकडे नकळत सारखं लक्ष जातं. हृदयाचा एखादा ठोका चुकला तर इतरांना कळतही नाही, यांना लगेच कळतो.

आता अशा शरीरात औषध जातं. दम्याच्या पंपातल्या साल्ब्युटामॉलने हात थरथरतात, छाती धडधडते. सर्दीच्या अनेक गोळ्यांत फिनाइलेफ्रिन असतं, त्यानेही काहींना धडधडतं. बीपीच्या काही गोळ्यांनी उठताना चक्कर येते. नैराश्य आणि पीटीएसडीसाठी देतो त्या सर्ट्रालीनसारख्या गोळ्यांनी पहिले आठ-दहा दिवस मळमळ, अस्वस्थता, झोपमोड होऊ शकते. हे सगळे साइड इफेक्ट आम्ही ‘किरकोळ’ म्हणतो. पण धडधड, थरथर, घाम, चक्कर हीच भीतीचीही लक्षणं आहेत. अपघाताच्या त्या क्षणी शरीराने हेच अनुभवलेलं असतं. त्यामुळे या माणसाला ‘गोळीने जरा धडधडतंय’ असं वाटत नाही, ‘ते परत येतंय’ असं वाटतं. मग ॲड्रेनालिन सुटतं, धडधड आणखी वाढते, आणि गोळीचा थोडासा परिणाम पाहता पाहता खरोखरच मोठा होतो.

गुंगी आणणाऱ्या औषधांचं याच्या उलट असतं, आणि ते तर आमच्या लक्षातच येत नाही. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी द्यावी तर रुग्ण म्हणतो, गोळी घेतली की जास्त घाबरायला होतं. घरच्यांना हे नाटक वाटतं. पण ज्या माणसावर झोपेत किंवा बेसावध असताना हल्ला झालाय, त्याच्या दृष्टीने सावध राहणं हेच संरक्षण आहे. आयसीयूत अर्धवट शुद्धीत हातपाय बांधलेले आठवत असतील, तर डोळे जड होणं हीच धोक्याची खूण ठरते. तो गुंगीशी झगडत जागा राहतो. (बेन्झोडायझेपिन गटातल्या झोपेच्या आणि शांत करणाऱ्या गोळ्या पीटीएसडीसाठी देऊ नयेत, असंच अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. आपल्याकडे त्या सढळ हाताने लिहिल्या जातात, हे मला खटकतं.)

‘म्हणजे मनाचंच ना?’ असं कुणी विचारेल. इथे एक प्रयोग सांगतो. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी त्रासामुळे सोडून दिलेल्या ६० जणांवर लंडनमध्ये झालेला हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांना बारा महिन्यांसाठी बारा बाटल्या दिल्या: चार स्टॅटिनच्या, चार हुबेहूब दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्यांच्या आणि चार रिकाम्या. रोजचा त्रास मोबाइलवर नोंदवायचा होता. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांपेक्षा गोळीच्या महिन्यांत त्रास जवळजवळ दुप्पट होता. पण गोळीमुळे वाढलेल्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही झाला. या लोकांना आघात झालेला होता असं नाही. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की त्रास खोटा नव्हता. अंग खरंच दुखत होतं. गोळी घेतल्यावर काहीतरी होईल ही अपेक्षाही शरीरात खरी लक्षणं निर्माण करते. स्वतःच्या नोंदी पाहिल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन परत सुरू केलं, तेही कुणी दटावल्याशिवाय.

शिवाय प्रत्येक तक्रारीमागे भीतीच असते असंही नाही. काहींच्या यकृतातली औषध मोडणारी एन्झाइम्स जन्मतःच मंद असतात, त्यामुळे एस्सिटालोप्रामसारख्या औषधाची रक्तातली पातळी नेहमीच्या डोसातही जास्त राहते. पित्तासाठी ओमेप्राझोल चालू असेल तरी असं घडू शकतं, आणि पित्ताची गोळी सांगायची असते हेच पुष्कळांना माहीत नसतं. डोक्याला मार लागलेल्या माणसाला मेंदूवर काम करणारी औषधं कमी डोसातही जास्त लागतात. म्हणून ‘मानवत नाही’ म्हणणाऱ्याला आधी नीट तपासायचं असतं. निदान नंतर.

‘ॲलर्जी’ हा शब्द मात्र जपून वापरा. अंगावर गांधी उठणं, ओठ, जीभ किंवा डोळ्यांभोवती सूज, श्वासात घरघर, एकदम कोसळणं ही ॲलर्जीची लक्षणं आहेत. त्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करा. औषध सुरू केल्यावर ताप येऊन तोंडात, डोळ्यांत किंवा कातडीवर फोड आले तर औषध थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मळमळ, धडधड, ‘गरम पडणं’ म्हणजे ॲलर्जी नव्हे. फाइलवर एकदा तो शिक्का बसला की पुढच्या प्रत्येक ऑपरेशनला, प्रत्येक संसर्गाला डॉक्टरांचे हात बांधले जातात. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं सांगणाऱ्या अमेरिकेतल्या रुग्णांची तपासणी केली तेव्हा दहापैकी नऊ जणांना ती नव्हती.

मग करायचं काय? डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा: ‘अमुक प्रसंगानंतर मला औषधांचा त्रास होतो, कमी डोसापासून सुरू कराल का?’ प्रसंगाचा तपशील सांगायची गरज नाही. ही मागणी वावगी मुळीच नाही. पीटीएसडीत सर्ट्रालीन २५ मिलिग्रॅमपासूनच सुरू करतात आणि आठवड्याने ५० करतात. काहींना त्याहूनही सावकाश जावं लागतं. एका वेळी एकच औषध बदला. कोणता त्रास होऊ शकतो आणि तो किती दिवस टिकतो, हे आधीच विचारून घ्या. ठाऊक असलेली धडधड कमी घाबरवते. वहीत त्रास वेळेसह लिहा, आणि गोळी सुरू होण्याआधीचा एक आठवडाही लिहा. त्याशिवाय तुलना कशाशी करणार? अस्वस्थता खूप वाढली किंवा जीव नकोसा वाटू लागला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. मनाच्या आजाराची गोळी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद करू नका. त्याने चक्कर येते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं, आणि दोष पुन्हा औषधाच्याच नावावर जमा होतो.

पीटीएसडीसाठी गोळी हा एकमेव मार्ग नाही, किंबहुना पहिलाही नाही. आघातावर केंद्रित मानसोपचार आणि ईएमडीआर यांना मार्गदर्शक तत्त्वांत औषधांच्या वरचं स्थान आहे. पण बीपी, मधुमेह, फिट्स यांना असा पर्याय नसतो. मला काळजी वाटते ती या लोकांची. अपघातातून वाचलेला माणूस बीपीची गोळी ‘सोसत नाही’ म्हणून गुपचूप सोडतो, डॉक्टरांना सांगत नाही, कारण मागच्या वेळी सांगितलं तेव्हा तो हसण्यावारी गेला होता. पुढे अर्धांगवायू झाल्यावरच ते उघड होतं.

घरच्यांसाठी एकच सांगणं. गोळी कुटून चहात किंवा वरणात मिसळून देऊ नका. हेतू चांगला असतो, मला माहीत आहे. पण काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या कुटल्या की पूर्ण डोस एकदम अंगात जातो. आणि ज्याचा माणसांवरचा विश्वास आधीच उडालाय, त्याला हे कळतंच, कधी चवीवरून, कधी तुमच्या चेहऱ्यावरून. त्यानंतर तो घरचं जेवणही तपासून खाऊ लागतो. त्यापेक्षा गोळी त्याच्या हातात द्या, नाव सांगा, आणि पहिल्या डोसानंतर तासभर शेजारी बसा.