मोरीमागचे डबके

बालाघाटाच्या पठारावरील चौसाळ्यासारख्या गावांत पाण्याचे बोलणे टंचाईपासून सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. घरात आलेल्या पाण्याचे पुढे काय होते, हे क्वचितच कोणी विचारतो. जलजीवन मिशनने २०१९ पासून नळाने दरडोई दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. पाच माणसांच्या घराला ते २७५ लिटर होते. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असा अभियंत्यांचा सर्वसाधारण हिशेब आहे. म्हणजे दररोज २२० लिटर! नाली नसेल तर ते मोरीमागे साचते, नाली असेल तर शेजाऱ्याच्या दारात.

याचा पहिला उपद्रव घरातील वडीलधाऱ्यांना होतो, कारण दिवसभर घरी तेच असतात. ओल्या फरशीवरील शेवाळ अधू दृष्टीला दिसत नाही, आणि उतारवयात पाय घसरला की खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते. मधुमेहाने तळपायांची संवेदना गेली असेल, तर भेगांतून घाण पाण्याचा संसर्ग शिरल्याचे अनेकदा पाय सुजून लाल झाल्यावरच कळते. शुश्रूषा करणाऱ्याने रोज रात्री आजोबांचे तळवे आणि बोटांमधील बेचक्या उजेडात पाहाव्यात, कोरड्या कराव्यात.

उपाय आपल्या मराठवाड्यातच सापडला आहे. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेतले आणि डासमुक्त गाव म्हणून नाव मिळवले. पुढे नांदेड जिल्हा परिषदेने हे काम रोजगार हमी योजनेतून इतर गावांत नेले. रचना साधी आहे. सुमारे चार फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावयाचा, मधोमध वरच्या भागात छिद्रे असलेली सिमेंटची टाकी बसवावयाची, भोवती दगडगोटे भरावयाचे आणि वरून झाकावयाचे. गाळ टाकीच्या तळाशी बसतो, पाणी छिद्रांतून दगडांत व तेथून जमिनीत जिरते. मात्र काळ्या चिकण मातीत पाणी फार हळू मुरते, म्हणून खड्डा मुरमापर्यंत न्यावा. विहीर वा विंधन विहीर किमान ५० फूट दूर असावी. शौचालयाचे पाणी यात मुळीच सोडू नये, ते निराळे प्रकरण आहे. खरकटे आणि केस अडविण्यासाठी मोरीच्या तोंडाशी जाळी हवी. ती दर आठवड्याला साफ करण्याचे काम तरुणांनी उचलावे, वाकून गाळ काढणे हे सत्तरीतल्या कंबरेचे काम नव्हे. अंगण मोठे असल्यास हे पाणी केळी, अळू, कर्दळीलाही देता येईल. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर-मुळ्याला मात्र नको.

एवढ्याने डास संपले, असे समजू नये. घाण पाण्यात वाढतो तो क्यूलेक्स, हत्तीरोग पसरविणारा. डेंग्यू व चिकुनगुन्याचा एडीस हा स्वच्छ, साठविलेल्या पाण्यात अंडी घालतो. जेथे नळ चार-आठ दिवसांनी येतो, तेथे पिंपे आणि रांजण भरलेले असणारच. त्याबद्दल कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळावा, आणि पिंप नुसते रिकामे न करता आतून घासावे, कारण अंडी भिंतीला चिकटतात व कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. ओतून टाकणे परवडत नाही अशा मोठ्या हौदात गप्पी मासे सोडावेत. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून पाहावेत. चिकुनगुन्याचा ताप काही दिवसांत उतरतो, पण वृद्धांची सांधेदुखी कित्येक महिने रेंगाळू शकते.

शौचालयाच्या टाकीच्या वायुनळीचे तोंडही बघून घ्यावे. उघडे असल्यास त्यावर बारीक जाळी किंवा जुन्या सुती साडीचा तुकडा घट्ट बांधावा.