उभ्या गाडीची जमीन

आपल्या शहरांतल्या गल्ल्यांमध्ये आज जी भांडणं चालली आहेत, त्यांना आपण चुकीची नावं दिली आहेत. झाड की रस्ता, हिरवाई की वाहतूक, पर्यावरण की विकास, अशा जोड्या लावायच्या, दोन गट पाडायचे आणि मग दोघांनी एकमेकांना अडाणी ठरवायचं. मी पुण्यात राहते आणि अशा सभांना बरीच वर्षं जाते आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की हे भांडण झाड आणि रस्ता यांच्यातलं नाहीच. तिथे एक तिसरा पक्ष आहे. तो कधी सभेला येत नाही, अर्ज करत नाही, भाडं देत नाही, आणि प्रत्येक निकाल मात्र त्याच्याच बाजूने लागतो. तो पक्ष म्हणजे रस्त्याकडेला उभी असलेली मोटार.

आधी शब्दांकडे पाहू. ‘वाहतूक’ या शब्दात वाहणं आहे, माल वाहणं, माणसं वाहणं. दिवसातले बावीस तास एका जागी धूळ खात उभी असलेली गाडी काहीच वाहत नसते. तरीही तिच्यासाठी मागितलेली प्रत्येक सोय आपण ‘वाहतुकीचा प्रश्न’ म्हणून मांडतो. दुसरा शब्द ‘अतिक्रमण’. कोपऱ्यावर संध्याकाळी तीन तास भाजीची हातगाडी लावणारी बाई अतिक्रमण करते. तिच्या शेजारी त्याच डांबरावर रात्रंदिवस उभी असलेली मोटार कसलंच अतिक्रमण करत नाही. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार त्या बाईचं सर्वेक्षण होतं, तिला प्रमाणपत्र लागतं, शुल्क लागतं, आणि एवढं करूनही गाडी उचलून नेली जाण्याची धास्ती असतेच. मोटारवाल्याला यातलं काही लागत नाही. बाई माल विकते, पोट भरते, दहा घरांना भाजी पुरवते. मोटार फक्त जागा धरते. पण डोळ्यांत खुपते ती बाई.

आता जागेचा हिशेब करू, कारण या वादात सगळे सगळं बोलतात, फक्त मापं बोलत नाहीत. इमारतींसाठी जी नियमावली आहे तिच्यात मोठ्या मोटारीच्या जागेचं माप अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर आहे. दोन मोटारींचे झाले पंचवीस चौरस मीटर. फुटांत सांगायचं तर २६९ चौरस फूट. हा आकडा मुंबईकरांनी ऐकलेला असेल. झोपडपट्टी पुनर्वसनात एका अख्ख्या कुटुंबाला बराच काळ एवढंच घर मिळत होतं. त्या घरासाठी १ जानेवारी कुठल्या सालचा पुरावा आहे ते विचारलं जातं, फाइली फिरतात, पिढ्या जातात. तेवढीच जमीन शहराच्या भर वस्तीत दोन गाड्यांना आपण रोज रात्री फुकट देतो, आणि कुणी पुरावा मागत नाही.

दाम मागायची हिंमत कुणी केलीच नाही असंही नाही. २०१८ च्या मार्चमध्ये पुणे महापालिकेपुढे पार्किंगचं धोरण आलं. रस्त्यावर गाडी लावायची तर पैसे मोजा, असा त्याचा साधा अर्थ होता. गदारोळ झाला, मोर्चे निघाले, आणि शहरभरासाठी आखलेलं धोरण पाच रस्त्यांपुरतं प्रयोग म्हणून मंजूर झालं. तो प्रयोगही कागदावरच राहिला. हा काही पुण्याचाच गुण नव्हे. कोलकात्यात एप्रिल २०२३ मध्ये महापालिकेने पार्किंगचे दर वाढवले आणि वरून नाराजी येताच काही दिवसांत मागे घेतले. भाषा वेगळी, पक्ष वेगळा, पण घाबरायचं कुणाला याबद्दल दोन्ही शहरांचं एकमत. पाणीपट्टी वाढते, बसचं तिकीट वाढतं, तेव्हा इतक्या तातडीने कुणाचं मन द्रवलेलं मी पाहिलेलं नाही.

आमच्याच गल्लीचं सांगते. तोंडाशी पर्जन्यवृक्षाचं एक जुनं झाड आहे. बुंधा रुंद, फांद्या दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवर. गाड्यांवर पक्ष्यांची विष्ठा पडते, कचऱ्याचा ट्रक वळत नाही, म्हणून ते काढण्यासाठी अर्ज करावा असं सोसायटीच्या बैठकीत निघालं. मी विरोध केला तेव्हा एक काका म्हणाले, ‘‘ताई, झाड हवं की माणसं, ते एकदा ठरवा.’’ मी म्हटलं, ‘‘काका, ठरवू या, पण आधी मोजू या.’’ दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं-चौघं टेप घेऊन उतरलो. गल्ली नऊ मीटर रुंद. झाड आळ्यासकट दीड मीटर, तेही एकाच ठिकाणी. दोन्ही बाजूंना ओळीने लावलेल्या मोटारी मिळून जवळजवळ चार मीटर, आणि त्या गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ट्रक अडतो तो कुणामुळे, हे मग शाळकरी मुलानेही सांगितलं असतं. पण वहीत आकडे लिहून झाल्यावर काका म्हणाले, ‘‘ते खरं हो, पण गाड्या काय डोक्यावर घ्यायच्या?’’

मला या वाक्याचा राग येत नाही, त्यातल्या गृहीतकाचा येतो. झाड हलवता येत नाही, गाडी हलवता येते. तरी हलवायचं म्हटलं की आपल्या मनात येतं ते झाड. त्याच गल्लीत काही घरांपुढे रस्त्यावर कुंड्या मांडल्या आहेत. बाहेरून आलेल्याला वाटेल, काय हौस आहे बागेची! त्या कुंड्या रात्री मालकाची गाडी येईपर्यंत जागा राखायला ठेवलेल्या असतात. गाडी आली की तुळस उचलून बाजूला. आपल्या शहरी हरितप्रेमाचं इतकं प्रामाणिक चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

हे मी झाडं वाचवणाऱ्या माझ्या मित्रमंडळींनाही ऐकवते. वेताळ टेकडी फोडून बालभारती ते पौड फाटा रस्ता करू नये, या मागणीत मी त्यांच्याबरोबर आहे. टेकडी ही शहराची पाण्याची आणि श्वासाची ठेव आहे. पण तो रस्ता कशासाठी मागितला जातो? विधी महाविद्यालय रस्त्यावरची कोंडी कमी व्हावी म्हणून. त्याच रस्त्याच्या कडा उभ्या गाड्यांनी धरलेल्या आहेत. टेकडी वाचवायची असेल तर त्या कडा आधी मोकळ्या करा, ही मागणीही तितक्याच मोठ्या आवाजात आली पाहिजे. ती येत नाही, कारण तिथे समोर कंत्राटदार नसतो, आपला शेजारी असतो. बंगळुरूत २०१६ मध्ये पोलादी उड्डाणपुलाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि पुढच्या वर्षी तो पूल रद्द झाला. मोठ्या प्रकल्पाला ‘नको’ म्हणणं आपल्याला जमतं. स्वतःच्या दारापुढच्या साडेबारा चौरस मीटरला ‘नको’ म्हणणं जमत नाही. आणि प्रत्येक मोठ्या प्रकल्पाचं बी त्या साडेबारा मीटरांतच असतं.

आता नेहमीच्या हरकती. पहिली, ‘‘आम्ही रोड टॅक्स भरतो.’’ भरता, पण तो राज्य सरकारला जातो. गल्लीचं डांबर, पदपथ, दिवे महापालिकेच्या पैशातून होतात, आणि त्या तिजोरीत गाडी नसलेल्याच्या घरपट्टीचाही वाटा असतो. शिवाय कर भरला म्हणजे जमीन राखून ठेवायचा हक्क मिळाला, असं कुठल्याही कायद्यात नाही. दुसरी, ‘‘बस धड नाही, मग करायचं काय?’’ हे गाऱ्हाणं खरं आहे. पण बस वेळेवर का येत नाही, तेही विचारा. देशातला बसच्या स्वतंत्र मार्गिकेचा पहिला प्रयोग २००६ साली याच शहरात झाला. पुढे नगर रस्त्यावर तर ती मार्गिका उखडूनच टाकली. बसची जागा गाडीला द्यायची आणि मग बस नाही म्हणून गाडी घ्यायची, हा घाण्याचा फेरा आहे. तिसरी, ‘‘गरीब दुचाकीवाल्याचं काय?’’ एका मोटारीच्या जागेत पाच-सहा दुचाकी बसतात. त्यांना नाममात्र दर ठेवा किंवा माफी द्या, माझी ना नाही. पण मोटारीच्या फुकट जागेसाठी गरिबाला ढाल करू नका.

हे सगळं ठरवायचं कुठे? मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं शहर प्रशासकाच्या हाती राहिलं. राज्यातल्या इतर मोठ्या शहरांचीही हीच गत होती. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या. पण सामान्य माणसाने तिथे जाऊन आपल्या गल्लीबद्दल काही ठरवलंय, असं किती जण सांगू शकतील? एका प्रभागात चार नगरसेवक, त्यामुळे गल्ली नेमकी कुणाची, ते चौघांनाही सोयीने विसरता येतं. झाडाच्या बाबतीत निदान कायदा आहे. १९७५ च्या कायद्याप्रमाणे झाड तोडण्याआधी जाहीर सूचना द्यावी लागते, झाडावर नोटीस लावावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसावृक्ष म्हटलं. झाड काढायला एवढा सोपस्कार. पदपथ कापून गाड्यांना जागा काढताना मात्र कुणाच्या दारावर नोटीस लागत नाही, चालणाऱ्यांची हरकत कुणी मागवत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक गल्लीची रुंदी मोजून ती जाहीर फलकावर लिहा. त्यातून आधी चालणाऱ्याला द्या, मग झाडाला, बसला, रुग्णवाहिकेला, हातगाडीला. उरेल ती जागा मोटारीला द्या, दाम घेऊन द्या, आणि तो पैसा त्याच प्रभागाच्या पदपथांवर आणि बसथांब्यांवर खर्च करा. नवी गाडी घेताना ती ठेवायची कुठे याचा पुरावा मागा. जपानने १९६२ पासून तो मागितला आहे आणि जपानी माणूस त्यामुळे मागे पडल्याचं ऐकिवात नाही. महाराष्ट्र सरकारनेही २०२५ मध्ये असा नियम आणण्याची भाषा केली. ती भाषा विरून जाऊ नये हे आपण पाहायचं.

गाडी घेणं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, ती ठेवायला जमीन देणं हा सगळ्यांचा आहे. यापुढे कुणी ‘झाड हवं की रस्ता’ असं विचारलं, तर उत्तर द्यायची घाई करू नका. आधी टेप मागवा.