पोस्त कीं हक्क?

दिवाळीचा बाजार भरूं लागला म्हणजे आमच्या वकिलीच्या कचेरींत एक ठराविक प्रश्न येतो. गेल्या दिवाळींत तो एका वृद्ध दिवाणजींनीं आणला. धान्याच्या एका पेढीवर त्यांनीं सव्वीस वर्षें खतावणी लिहिली. थोरले शेठजी होते तोंवर धनत्रयोदशीस एका महिन्याचा पगार, घरच्या मंडळींस कापड आणि मिठाईचा पुडा त्यांच्या हातीं पडे. हा नेम एकदांहि चुकला नाहीं. थोरले शेठजी वारले, चिरंजीव गादीवर बसले, आणि त्या दिवाळीस पुडा तेवढा आला. "वकीलसाहेब, सव्वीस वर्षांच्या वहिवाटीचा हक्क होत नाहीं काय?" असें त्यांनीं विचारलें. पेढीवर नोकर अवघे सहा. नेमणुकीचें पत्र नाहीं, पैसे दिल्याघेतल्याची पावती नाहीं. आम्हीं विचारलें, "ही रक्कम खतावणींत कोणत्या खात्यावर पडत असे?" दिवाणजी मान खालीं घालून म्हणाले, "धर्मादाय खात्यावर. नोंद दरवर्षीं मीच करीत असें."

नोकरांना मिळणाऱ्या सवलतींविषयीं आपल्या समाजाची जी समजूत आहे, ती या एका उत्तरांत सांपडते. मालक उदार आहे कीं कृपण, हा प्रश्न आमच्या मतें दुय्यम होय. जें दिलें तें कोणत्या खात्यावर पडलें, हा खरा प्रश्न. धर्मादाय खात्यावर पडलेली रक्कम देणारा केव्हांहि थांबवूं शकतो. पगाराच्या खात्यावर पडलेली रक्कम थांबवावयाची तर त्यास कारण द्यावें लागतें.

दिवाळीच्या देणगीस आपल्या भाषेंत पोस्त म्हणतात. पोस्त मागावी लागते. देणारा हंसतमुखानें देईल किंवा पुढल्या वर्षीं पाहूं म्हणेल. परंतु आपल्याच जुन्या दप्तरांत याहून निराळा एक शब्द आहे, तो हक्कलाजिमा. देशमुख-देशपांड्यांपासून पाटील-कुळकर्ण्यांपर्यंत वतनदारांचे हक्क आणि मानपान त्यांच्या कामाबरोबर ठरलेले असत, व बलुतेदाराचें बलुतें सुगीच्या वेळीं खळ्यावर मिळे. कुणबी तें दान म्हणून देत नसे आणि सुतार-लोहार भिक्षा म्हणून घेत नसे. तथापि या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचें आम्हांस कारण नाहीं. ज्यांच्या वांट्यास जन्मानें गांवचीं हलकीं मानलेलीं कामें आलीं, त्यांना हाच हक्क बेडी ठरला. काम सोडण्याची मुभा नाहीं, आणि मोबदला मात्र गांवाच्या मर्जीवर! म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं वतनांच्या कायद्यांत सुधारणा करणारें बिल मुंबई कायदेमंडळांत मांडलें, आणि पुढें १९५८ च्या कायद्यानें हीं कनिष्ठ वतनें रद्द झालीं. यावरून घ्यावयाचा धडा दुहेरी आहे. मोबदला ठरलेला असावा आणि घेणारा मोकळा असावा. यांपैकीं एक गोष्ट नसेल तर सवलतीचा लगाम होतो. नोकरीबरोबर मिळालेली खोली ही मोठीच सोय होय. पण नोकरी सुटतांच डोक्यावरचें छप्परहि जाणार असेल, तर त्या खोलींत राहणारा मनुष्य मालकासमोर मान वर करून बोलेल काय?

उदार मालकांचें ऋण नाकारणें मात्र कृतघ्नपणाचें होईल. जमशेटजी टाटा यांनीं १८७७ सालीं नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली. तेथें १८८६ सालीं निवृत्तिवेतनाचा फंड निघाला आणि १८९५ सालीं अपघाताच्या भरपाईची तजवीज झाली. भरपाईचा कायदा देशांत व्हावयास १९२३ साल उजाडलें. जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यांत आठ तासांचा दिवस १९१२ सालीं, मोफत औषधपाणी १९१५ सालीं, आणि भरपगारी रजा व प्रॉव्हिडंट फंड १९२० सालीं सुरू झाले. सर्व कारखान्यांना आठवड्याचे ४८ तास बांधून देणारा कायदा १९४८ सालचा आणि प्रॉव्हिडंट फंडाचा १९५२ सालचा. म्हणजे दूरदृष्टीचा मालक आणि कायदा यांच्या चालींत तीस-तीस वर्षांचें अंतर पडलें. या तीस वर्षांत इतर मालकांच्या मजुरांनीं काय करावें, याचें उत्तर मात्र एका मालकाच्या औदार्यांतून मिळत नाहीं.

तें उत्तर मुंबईच्या मजुरांनीं स्वतः शोधलें. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें २४ एप्रिल १८९० रोजीं सुमारें दहा हजार मजुरांची सभा भरली. तींत दोन स्त्रियांचींहि भाषणें झालीं. त्याच वर्षीं १० जून रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुट्टी मान्य केली, आणि पुढल्या वर्षीं, म्हणजे १८९१ सालीं, फॅक्टरी कायद्यांत आठवड्याच्या सुट्टीचें कलम आलें. आज रविवारीं दुपारीं स्वस्थ झोंप घेणाऱ्या कारकुनास ही सुट्टी कोणी मागून घेतली होती याची आठवणहि नसते. सवलत खऱ्या अर्थानें हक्क झाल्याची हीच खूण होय. ती मिळते तेव्हां कोणाचे आभार मानावे लागत नाहींत.

बोनसाचें प्रकरण याहून बोधप्रद आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजींत मुंबईच्या गिरण्यांनीं १९१९ ते १९२२ या वर्षांसाठीं मजुरांना दरवर्षीं एका महिन्याच्या पगाराइतका बोनस दिला. १९२३ सालचा बोनस मात्र मिळाला नाहीं. जानेवारी १९२४ मध्यें दीड लाखाच्या सुमारास मजूर संपावर गेले. सरकारनें मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखालीं कमिटी नेमली. कमिटीचा निर्णय असा झाला कीं, दरसाल बोनस मिळण्याचा रूढीचा, कायद्याचा किंवा न्यायबुद्धीचा, असा बजावतां येण्याजोगा कोणताहि हक्क मजुरांनीं शाबीत केलेला नाहीं. मजूर मार्चांत रिकाम्या हातांनीं कामावर परतले.

कायद्याचा अभ्यासक या नात्यानें आम्ही त्या कमिटीस दोष देत नाहीं. तिनें त्या वेळचा कायदा सांगितला. दोष कायद्याचा होता, आणि कायदा बदलतां येतो. १९५० सालीं मुंबईच्या गिरण्यांच्याच तंट्यांत अपिलाच्या मजूर न्यायमंडळानें बोनस मोजण्याचें सूत्र ठरवून दिलें. पुढें बोनस आयोग बसला आणि १९६५ सालीं बोनसाचा कायदा झाला. त्यांत प्रथम किमान चार टक्के बोनस होता. १९७२ सालीं तो ८.३३ टक्के झाला. व्यापारी वाचकांनीं हा आंकडा क्षणभर पाटीवर मांडून पाहावा. तो वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजेच बरोबर एका महिन्याचा पगार! १९२४ सालीं जो हक्क नव्हे म्हणून नाकारला गेला, तोच अठ्ठेचाळीस वर्षांनीं किमान हक्क म्हणून कायद्यांत बसला. त्याची आकारणी पगाराच्या ठराविक मर्यादेवर होते ही उणीव आहेच. तरी पाया पक्का झाला, आणि २०१९ च्या वेतनसंहितेनेंहि तो दर कायम ठेवला आहे.

आतां आमचे व्यापारी मित्र दोन आक्षेप घेतील. पहिला असा कीं, धंद्यांत तेजीमंदी असते. कायमचें वचन कसें द्यावें? आक्षेप रास्त आहे. पण म्हणून कांहींच न लिहिणें हा त्यावरचा उपाय नव्हे. किमान काय आणि नफा झाल्यास अधिक काय, हें आधीं ठरवावें. कायद्यानेंहि बोनसास किमान व कमाल मर्यादा घातल्या आहेत, आणि एका वर्षाची शिल्लक वा तूट पुढल्या वर्षांत ओढण्याची सोय ठेवली आहे. शिवाय बारावा हिस्सा दरमहा बाजूस काढला तर दिवाळींत एकदम भार पडत नाहीं. गुमास्त्याचा पगार मंदी आली म्हणून कोणी धर्मादाय समजत नाहीं. मग त्याच पगाराचा तेरावा हप्ता तसा कां समजावा?

दुसरा आक्षेप खोल आहे. एकट्या मालकावर सवलतीचा बोजा टाकला तर तो नोकर ठेवण्याचेंच टाळील. प्रसूतीच्या रजेबाबत असें घडल्याचें आपण पाहिलें आहे. मुंबई इलाख्यांत १९२९ सालीं प्रसूति-भत्त्याचा कायदा झाला, तेव्हां कांहीं मालकांनीं बायकाच कामावर घेण्याचें कमी केलें. या बिलाच्या चर्चेंत १९२८ सालीं डॉ. आंबेडकर यांनीं म्हटलें होतें कीं, लोककल्याणाची मुख्य जबाबदारी सरकारची खरी. पण तेवढ्यानें मालक मोकळा होत नाहीं. यांतूनच पुढला मार्ग दिसतो. अनेकांनीं थोडें थोडें भरून सामाईक विमा करावा. १९४८ सालच्या कामगार राज्य विमा कायद्याचें तत्त्व हेंच आहे. एका दुकानदारास जें जड, तें हजार दुकानदारांच्या वर्गणींत हलकें होतें, आणि स्त्रीस कामावर घेण्यांत कोणा एकाचें नुकसान राहत नाहीं.

हे सर्व कायदे झाले तरी त्यांच्या कुंपणाबाहेर केवढा समुदाय उभा आहे! बोनस आणि प्रॉव्हिडंट फंड यांचे कायदे सामान्यतः वीस नोकरांपासून लागू होतात. ज्या मुंबई इलाख्यानें १९३९ सालीं दुकानांतील नोकरांसाठीं कायदा केला, त्याच महाराष्ट्रांत २०१७ च्या कायद्यानें दहांहून कमी नोकरांचीं दुकानें बहुतेक बंधनांतून मोकळीं केलीं. एकाच कारखान्यांत एकाच यंत्रावर कायम आणि कंत्राटी असे दोन मजूर उभे असतात. दिवाळीची पेटी एकास मिळते आणि दुसरा ती उचलून गाडींत ठेवतो. घरोघर जेवण व सामान पोंचविणाऱ्या तरुणांस तर नोकर असें नांवहि नाहीं. कंपन्या त्यांस भागीदार म्हणतात. भागीदार म्हणावें आणि नफ्यांत भाग देऊं नये, असा भागीदारीचा कायदा आम्ही तरी शिकलों नाहीं. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली. तींत अशा कंपन्यांनीं उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामकऱ्यांच्या कल्याणासाठीं द्यावी, परंतु ती त्यांना दिल्या जाणाऱ्या मोबदल्याच्या पांच टक्क्यांहून अधिक नसावी, अशी तरतूद आहे. तरतूद स्तुत्य आहे. तिचा पैसा रस्त्यावरच्या तरुणाच्या हातीं पोंचतो कीं नाहीं, यावर लोकांनीं डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलें पाहिजे.

परंतु पुढल्या कायद्याची वाट पाहत बसण्याचें प्रयोजन नाहीं. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या पदरीं दोन-चार माणसें आहेत, त्यांना आमच्या चार सूचना आहेत. प्रत्येक नोकरास नेमणुकीची चिठ्ठी द्यावी आणि तींत पगार, साप्ताहिक सुट्टी, रजा व बोनस लिहावा. बोनस रोख नव्हे, त्याच्या बँकेच्या खात्यांत भरावा, म्हणजे पुरावा आपोआप राहतो. वीसांहून कमी नोकर असले तरी मालक व बहुसंख्य नोकर यांच्या संमतीनें प्रॉव्हिडंट फंडांत सामील होतां येतें, त्याचा लाभ घ्यावा. आणि जी सवलत कायम नोकरास, तीच त्याच्याच कामावरच्या कंत्राटी माणसास द्यावी. यानें आपुलकी आटेल अशी भीति कोणी बाळगूं नये. मिठाई, कापड, लग्नकार्यांतला आहेर हें सारें प्रेमानें खुशाल द्यावें; फक्त तें पगाराच्या जागीं देऊं नये.

आमच्या दिवाणजींसाठीं आम्हीं धाकट्या शेठजींस पत्र लिहिलें. उत्तर सभ्य आलें. वडील देत असत तें खुषीनें देत. आम्हांसहि खुषी होईल तेव्हां देऊं, असा त्याचा मतलब. दिवाणजींनीं तें पत्र वाचलें, घडी करून खिशांत ठेवलें आणि दावा लावूं नका म्हणून सांगितलें. सव्वीस वर्षें ज्या घराचें मीठ खाल्लें त्यास कोर्टांत कसें ओढावें, असें ते म्हणाले. नोकराची ही निष्ठा खतावणीच्या कोणत्याच खात्यावर पडलेली नाहीं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं व्यापारी नव्या वहीची पूजा करतात, पहिल्या पानावर श्री काढतात आणि मग खातीं घालतात. पुढल्या दिवाळीस तें पान उघडाल तेव्हां नोकरांच्या नांवें पडणारी रक्कम धर्मादाय खात्यांतून काढून पगाराच्या खात्यावर लिहा. तेवढ्यासाठीं सरकारच्या परवानगीची गरज नाहीं.