तिला ‘नाही’ म्हणता येते का?

मराठी विशेष घेतलेल्या विद्यार्थिनीने वार्षिकांकात व्हिडिओ गेमवर लिहावे, हे आपल्यापैकी काहींना रुचणार नाही याची मला कल्पना आहे. गेम म्हणजे गोळीबार, गेम म्हणजे वेळेचा नाश, अशीच आपली सर्वसाधारण समजूत. पण मित्रहो, कसाऱ्याहून येणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये जरा मान वळवून पाहा. आटगावला चढणारी, खर्डीहून आलेली आपलीच मुले-मुली मोबाइलमध्ये डोके खुपसून बसलेली असतात. त्यातली सगळीच काही गोळ्या झाडत नसतात. काही जण शेती करीत असतात, कोणाला तरी फुले देत असतात, कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत असतात. नातेसंबंध हाच ज्यांचा विषय आहे, अशा गेमचा एक मोठा प्रवाह आज आहे. जपानमध्ये १९९४ साली निघालेल्या ‘तोकिमेकी मेमोरियल’ने तो लोकप्रिय केला. आज तो आपल्या खिशात आहे. कथा-कादंबरीतील पात्रांविषयी आपण वर्गात तासन्‌तास बोलतो, तर मग ज्या पात्रांशी आपले मित्र रोज दोन-दोन तास बोलतात त्यांच्याविषयी का बोलू नये?

‘स्टारड्यू व्हॅली’ हे उदाहरण घेते, कारण ते मी स्वतः मन लावून खेळले आहे. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने खपून हा गेम केला आणि २६ फेब्रुवारी २०१६ ला तो बाहेर आला. शहरातील नोकरीला कंटाळलेला माणूस आजोबांच्या शेतावर परततो, एवढेच कथानक. (आपल्याकडे उलट घडते, शेत कंटाळते आणि माणूस भिवंडीच्या गोदामात जातो. असो.) गावात माणसे आहेत आणि प्रत्येकाच्या नावापुढे हृदयांची रांग आहे. आठवड्यातून दोनदा भेटवस्तू देता येते. आवडती वस्तू दिली तर ४५ गुण, फारच आवडती दिली तर ८० गुण. अडीचशे गुणांचे एक हृदय. आठ हृदये भरली की फुलांचा गुच्छ द्यायचा, दहा भरली की लग्नाचे विचारायचे. लग्नायोग्य अशी बारा पात्रे आहेत, आणि अटी पुऱ्या केल्या तर बारांपैकी एकही ‘नाही’ म्हणत नाही.

आता यातल्या शेन नावाच्या पात्राकडे पाहा. हा दारूडा आहे, तुसडा आहे, सुरुवातीला आपल्याशी धड बोलतही नाही. पुढे एका प्रसंगी तो कड्याच्या टोकाशी डब्यांच्या पसाऱ्यात पडलेला सापडतो आणि आपण जगावे तरी का, असे विचारतो. हा प्रसंग लिहिणाऱ्याने मनापासून लिहिला आहे. वाचताना माझ्या पोटात कालवले. पण गंमत अशी, की गेमच्या हिशोबात शेनची फारच आवडती भेट म्हणून बिअरची नोंद आहे! कड्यावरून त्याला दवाखान्यात नेल्यानंतरही तुम्ही बिअर द्या, ८० गुण जमा. म्हणजे पात्र लिहिणारा हात एक सांगतो आणि गणित मांडणारा हात दुसरेच सांगतो. दोन्ही हात एकाच माणसाचे आहेत, हे विशेष. माझ्या मते या प्रकारच्या जवळजवळ सगळ्या गेमचे दुखणे इथेच आहे. संवाद माणसाचे आणि हिशोब किराणा दुकानाचा.

हे दुखणे गेमपुरते राहिले असते तर मी हा लेख लिहिला नसता. आमच्या गाडीतल्या एका मैत्रिणीने मागच्या वर्षी आधी डबा बदलला, मग गाडी बदलली, आणि शेवटी कॉलेजच बंद केले. तिच्या मागे लागलेला मुलगा वाईट चालीचा होता असे कोणी म्हणत नव्हते. तो रोज यायचा, चॉकलेट आणायचा, वाढदिवस लक्षात ठेवायचा. ‘एवढं करतोय बिचारा, हिला काय झालंय?’ असे म्हणणाऱ्यांत मुलीही होत्या. त्या मुलाने कोणताही गेम खेळला नसेल. सिनेमाने हेच शिकवले आहे आणि गेमच्या आधीपासून शिकवले आहे. पण सिनेमात आपण नुसते पाहतो. गेममध्ये हात आपला असतो, आणि दहावे हृदय भरल्यावर मिळणारे ‘हो’ हे आपण कमावले असे वाटते. कमावलेली गोष्ट कोणी दिली नाही तर राग येणारच.

गेमची जाहिरात करणारे सांगतात, ‘इथे निवड तुमची आहे.’ निवड जरूर असावी. पण कशाची? मी काय बोलावे, कोणाच्या बाजूने उभे राहावे, कधी गप्प बसावे, ही निवड माझी. समोरच्याच्या मनात काय उमटावे, ही निवड माझी कशी? आपल्या तमाशातली गवळण आठवा. कृष्ण वाट अडवतो, दही मागतो, आणि मावशी त्याला असे ठणकावते की सारा तंबू हसतो. ते संवाद बरेचसे जागच्या जागी सुचलेले असतात. समोरचा काय बोलेल याची अर्धी कल्पना असते, अर्धी नसते. रंगत सगळी त्या अडवणुकीत आणि तिच्या उत्तरात आहे. पहिल्याच हाकेला गौळणींनी मडके पुढे केले तर गवळण दोन मिनिटांत संपेल. आणि याची दुसरी, काळीकुट्ट बाजू पाहायची असेल तर तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) आहेच. तिथेही एक खेळच मांडला जातो. नियम ठरतात, भूमिका वाटल्या जातात, आणि सगळ्या खेळाडूंना निवडी असतात. फक्त बेणारेबाईंना नाही. तिचे बोलणे कोर्टाच्या कामकाजात धरलेच जात नाही. पात्राला आवाज न ठेवता खेळाडूंना मोकळीक दिली की खेळाचे काय होते, हे या नाटकाइतके स्वच्छ मला दुसरीकडे दिसलेले नाही.

आता अपुऱ्या गेमविषयी, कारण खरा पेच तिथे आहे. पूर्वी गेम पुरा करूनच बाजारात आणीत. २०१३ पासून ‘स्टीम’ या गेमच्या दुकानाने अर्धवट गेम विकायची सोय केली. तिला ‘अर्ली ॲक्सेस’ म्हणतात. घर बांधून व्हायच्या आधीच पाहुण्यांनी राहायला यावे आणि स्वयंपाकघर कुठे हवे ते सांगावे, तसा हा प्रकार. बेल्जियमच्या लॅरियन कंपनीचा ‘बाल्डर्स गेट ३’ ऑक्टोबर २०२० मध्ये असाच आला. तेव्हा त्याचा केवळ पहिला अंक तयार होता. पुरा गेम यायला ३ ऑगस्ट २०२३ उजाडले. मधल्या तीन वर्षांत खेळाडू बोलत होते आणि लेखक ऐकत होते. विल नावाचे एक सोबती पात्र तर जवळजवळ नव्याने लिहिले गेले, त्याचा आवाजही बदलला. पुरा गेम आल्यावर आणखी एक मौज झाली. सोबत्यांची मर्जी मोजणारे आकडे इतके खाली ठेवले गेले होते, की खेळाडूने जरा बरे वागले की ही पात्रे भराभर प्रेमाच्या गोष्टी करू लागत. ही चूक असल्याचे कर्त्यांनीच पुढे सांगितले. एका आकड्याने माणसे उथळ ठरली! लेखकाने शब्दही बदललेला नव्हता.

पण याच गेममध्ये मला हवे होते तेही सापडले. माझ्या मावसभावाच्या कल्याणच्या घरी मी ते पाहिले. अ‍ॅस्टेरियन नावाचे पात्र आहे. दोनशे वर्षे त्याच्या देहावर दुसऱ्याची सत्ता होती. दुसऱ्या अंकात एक बाई येते, ती त्याच्याकडून एक गोष्ट मागते आणि मोबदल्यात खेळाडूला उपयोगी पडेल असे औषध देऊ करते. अ‍ॅस्टेरियनला ते नको आहे आणि तो तसे म्हणतो. इथे खेळाडूला निवड आहे: त्याचा नकार मानायचा, की औषधासाठी त्याला भरीस घालायचे? भावाने औषध घेतले. पात्र रुसले, दुरावले. भाऊ म्हणाला, ‘एवढ्यावरून?’ त्या ‘एवढ्यावरून’वर आमचे जेवण होईपर्यंत भांडण चालले. कादंबरी वाचून असे भांडण आमच्या घरात कधी झालेले नाही.

तेव्हा खेळाडूंचे ऐकावे की नाही? डिकन्सची ‘एडविन ड्रूड’ ही कादंबरी १८७० साली त्याच्या मृत्यूमुळे अर्धी राहिली. १९८५ साली तिचे संगीत नाटक झाले आणि खुनी कोण हे प्रेक्षकांनी रोज मतदानाने ठरवायचे असा बेत केला गेला. खुनी मतदानाने ठरला तर माझी हरकत नाही, ती गंमत आहे. पण अमकीने तमक्यावर प्रेम करावे की नाही, हे मतदानाने ठरवायचे का?

हा प्रश्न आमच्यापुढे पुस्तकी राहिला नाही. आम्ही चौघांनी यंदा ‘ट्वाइन’ या फुकट मिळणाऱ्या साधनावर मराठीत एक गेम लिहायला घेतला आहे. ट्वाइनमध्ये चित्रे लागत नाहीत. परिच्छेद लिहायचे आणि ते दुव्यांनी एकमेकांना जोडायचे. वाचणारा दुवा निवडतो तशी कथा वळते. देवनागरी त्यात नीट उमटते आणि तयार झालेली फाइल कोणाच्याही मोबाइलवर उघडते. आमच्या कथेत मुंबईची नोकरी सुटलेला एक मुलगा आटगावला परत येतो. तानसाच्या जलवाहिनीच्या रस्त्याला त्याला शाळेतली सुली भेटते. सुलीला ठाण्याला नर्सिंगला जायचे आहे. घरी पाण्याची ओढाताण आहे. ज्या तालुक्यातून मुंबईला पाणी जाते तिथली ही मुलगी सकाळी हंडे भरते. कथेचा पहिला भाग पुरा झाला, तो आम्ही कँटीनमध्ये पंधरा-वीस जणांना खेळायला दिला.

आलेल्या तक्रारी दोन प्रकारच्या होत्या. काही म्हणाले, सुली एकदम चिडते ते कळत नाही. कुठे दुखावली ते दिसायला हवे. हे म्हणणे रास्त होते, आम्ही चार परिच्छेद वाढवले. पण अधिक जणांची तक्रार सरळ होती: ‘हिला पटवायची कशी ते सांगा.’ पहिल्या भागात कोणताही दुवा धरला तरी सुली होकार देत नाही, हे कळल्यावर एकाने गेम ‘बिघडलेला’ ठरवून मोबाइल परत दिला. माझे मत असे, की पात्र कळत नसेल तर ते लेखकाचे देणे आहे आणि ते फेडलेच पाहिजे. पात्र ऐकत नसेल तर ते त्या पात्राचे स्वातंत्र्य आहे. अर्ध्या गेमवर मते मागवणाऱ्याने ही दोन टोपल्यांतली फळे एकत्र करू नयेत.

लिहिताना आम्ही आणखी एक केले. सुलीच्या मर्जीचा आकडा ठेवायचाच नाही असे ठरवले. त्याऐवजी ती काही गोष्टी लक्षात ठेवते: तिचा अर्ज न विचारता उघडून वाचला का, तिच्या भावासमोर तिची थट्टा केली का, हंडा उचलायला हात लावला आणि नंतर ते बोलून दाखवले का. यांची बेरीज होत नाही. अर्ज उघडून वाचला असेल तर दहा हंडे उचलूनही ते पुसले जात नाही. ती फक्त पुढच्या वेळी अर्ज पिशवीत तळाशी ठेवते. हे लिहायला फार किचकट आहे, प्रत्येक आठवणीगणिक परिच्छेद वाढतात. पण सुली आम्हाला कळू लागली ती यामुळेच.

वसतिगृहातल्या एका मित्राचे बोलणे मात्र मला अजून छळते. तो म्हणाला, ‘बाहेर आम्हाला हो म्हणणारं कोण आहे? नोकरीवाला नाही, मुलगी नाही, मुलीचा बाप तर नाहीच. निदान गेममध्ये तरी म्हणू द्या.’ यावर हसणे सोपे आहे. मला हसू आले नाही. एकाकी माणसाला दोन घटका गोड वाटले तर त्यात पाप काय? मी त्याला एवढेच म्हटले, की जी ‘नाही’ म्हणूच शकत नाही तिचे ‘हो’ ऐकून तुला खरेच बरे वाटते का? तो म्हणाला, पहिल्यांदा वाटते. दुसऱ्यांदा खेळताना वाटत नाही. स्टारड्यूमधले माझेही तसेच झाले होते; लग्नानंतर ते पात्र तीच चार-पाच वाक्ये आलटून-पालटून बोलू लागले आणि मी पुन्हा भोपळे लावायला निघून गेले.

गोव्यातल्या फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्ह या छोट्या संस्थेचा ‘रेनस्वेप्ट’ (२०१९) त्याला मी सुचवला आहे. त्यात एक जोडपे मेलेले आहे आणि आपण तपास करणारा पोलीस आहोत. त्या दोघांचे नाते आपल्याला मागे वळून दिसते, पण त्यात आपण काही करू शकत नाही; नुसते समजून घ्यायचे. निवड जवळजवळ नाही, आणि तरी माणसे लक्षात राहतात. त्याला तो आवडेल की नाही, सांगता येत नाही.

आमच्या गेमचा दुसरा भाग परीक्षेनंतर लिहायचा आहे. आम्हा चौघांत एका जागी मतभेद आहे: सुली ठाण्याची गाडी पकडते तेव्हा मुलाने स्टेशनवर असावे का? दोघे म्हणतात, हे खेळाडूने ठरवावे. मी म्हणते, त्याने यावे की नाही हे खेळाडूने ठरवावे, पण तो दिसल्यावर सुली खिडकीशी येईल की आत सरकेल, हे आधीच्या आठवणींवरून ठरावे. चौथा अजून गप्प आहे. ज्यांना पहिला भाग पाहायचा असेल त्यांनी मराठी विभागात यावे. तक्रारी वहीत लिहाव्यात आणि ‘पटवायची कशी’ एवढा एक प्रश्न सोडून काहीही विचारावे.