विश्लेषण : झाड सगळ्यांचे, पालापाचोळा मात्र एकट्याचा?

पुण्या-मुंबईतील बंगले, जुने वाडे आणि गृहसंकुलांच्या आवारात दर उन्हाळ्यात एकच प्रश्न पडतो : एवढ्या पालापाचोळ्याचे करायचे काय? जाळला तर दंड, रस्त्यावर लोटला तर दंड आणि फांदी छाटायची तर परवानगी. झाडे वाचवणारे कायदे कडक हवेतच. पण झाडासोबत राहणाऱ्याला मदत मिळाली नाही, तर तेच कायदे झाडाच्या मुळावर येतात.

कटकट नेमकी कोणती?

आपल्याकडील अनेक झाडे कोरड्या महिन्यांत पाणी वाचवण्यासाठी पाने गाळतात. ही पानगळ एकदम होऊन संपत नाही. देशी बदाम, पिंपळ, शिरीष यांची पाळी मागेपुढे येते. आंबा-फणस सदाहरित खरे, पण त्यांचीही पाने वर्षभर थोडी थोडी गळतातच. त्यामुळे सकाळी खराट्याने झाडलेले अंगण दुपारी पुन्हा भरते. पावसाळ्यात त्रासाचे रूप बदलते. पन्हळी आणि गच्चीवरचे पाइप पानांनी तुंबतात, फरशीवर शेवाळ धरते, गुलमोहराची ठिसूळ फांदी किंवा नारळाची झावळी गाडीवर पडण्याची धास्ती असते.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रातील शहरांना १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा लागू आहे. खासगी जागेतील झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही कायद्याच्या व्याख्येत ‘तोडणे’च आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हणून अधिक संरक्षण दिले. २०१६ च्या घनकचरा नियमांनी बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवून पालिकेच्या सूचनेनुसार त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी रहिवाशांवर टाकली. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यास ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये दंड ठरवला. हे योग्यच आहे. पानांच्या धुरातील सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड शेजारच्या दमेकऱ्याच्या छातीत जातात.

मग चुकते कुठे?

सावली, गारवा आणि पक्षी साऱ्या गल्लीला मिळतात. झाडणे, उचलणे आणि छाटणी यांचा भार मात्र ज्याच्या आवारात खोड आहे त्याच्यावर. छाटणीची परवानगी पालिका देते, मजुरी मालक मोजतो. वृद्ध जोडप्याला किंवा दहा-बारा सदनिकांच्या लहान सोसायटीला हे झेपत नाही. मग मुळाशी ॲसिड ओतणे, बुंध्याची साल काढणे, खोडाभोवती काँक्रीट भरणे असे चोरटे उपाय होतात. झाड हळूहळू वाळते, मग ‘धोकादायक’ ठरते. कागदोपत्री कोणीच दोषी नसतो.

घरमालकाच्या हाती काय आहे?

बरेच. निम्मी कटकट ‘अंगण चकाचक हवे’ या हट्टातून येते. दार, पायवाट आणि भिंतीलगतची जागा स्वच्छ ठेवावी. साप-विंचवाची भीती तिथेच खरी असते. बाकीची पाने झाडांच्या आळ्यात तीन-चार इंच पसरावीत, फक्त बुंध्याला चिकटवू नयेत. उन्हाळ्यात ओल टिकते, पाणी कमी लागते. उरलेल्या पानांचे खत होते. नुसत्या वाळल्या पानांत कर्बाचे प्रमाण जास्त आणि नत्राचे कमी असल्याने ती कुजायला वेळ घेतात. शेणकाला, हिरवे गवत किंवा स्वयंपाकघरातला ओला कचरा मिसळला की काम लवकर होते. उलट ज्यांच्या घरी फक्त ओला कचरा आहे, त्यांना दुर्गंधी आणि अळ्या टाळायला हीच वाळलेली पाने लागतात. पुण्यातील ‘ब्राऊन लीफ’ हा उपक्रम पाने असणाऱ्यांची आणि हवी असणाऱ्यांची गाठ घालून देतो.

पालिकेने काय करावे?

सगळे नागरिकांवर सोडून भागणार नाही. पानगळीच्या महिन्यांत पाने गोळा करणारी स्वतंत्र गाडी, प्रभागात एक पाने बारीक करणारे यंत्र आणि पावसाळ्याआधी माफक दरात प्रशिक्षित माणसांकडून छाटणी, एवढे मिळाले तरी मोठा भार हलका होईल. गांडूळखत किंवा सौरऊर्जेसाठी पुण्यात मिळकतकरात सवलत मिळते; तशीच मोठे झाड सांभाळणाऱ्यालाही द्यावी.

झाड ही शहराची सामाईक ठेव असेल, तर तिच्या पानांचा हिशेबही सामाईक हवा. दंडाची पावती झाड तोडणाऱ्याला रोखते; पण झाड जगवायचे असेल, तर रोज अंगण झाडणाऱ्या माणसाला झाड ओझे वाटता कामा नये.