गुणगौरवाच्या आधीचे काम

निकाल लागले की वस्तीवस्तीत गुणगौरव समारंभ होतात. मुलांना पुष्पगुच्छ, वही-पेन मिळते, भाषणे होतात. चांगलेच आहे. पण पास होऊनही एका दाखल्यापायी ज्याचा प्रवेश हुकला, तो मुलगा त्या मंचावर दिसत नाही.

बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेने ४ जानेवारी १९२५ ला सोलापुरात वसतिगृह काढले. मुलांच्या जेवणाची, कपड्यांची, वह्या-पुस्तकांची सोय केली.

बंधुभगिनींनो, आज विहारात विद्यार्थी मंडळ काढायचे तर पहिले काम कागदपत्रांचे. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. तो पुष्कळदा गावच्या शाळेत, आजोबांच्या नावापुढे सापडतो. त्यासाठी दहावीच्या सुट्टीतच गावी जावे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्याला स्वाधार योजनेतून मुंबई-पुण्यात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळते, हे किती आईबापांना ठाऊक आहे?

अध्यक्ष कोण, लेटरहेडवर नाव कोणाचे, यावर आपली मंडळे सहा-सहा महिने भांडतात! ते राहू द्या. एक टेबल आणि एक वही घ्या. दर रविवारी वंदनेनंतर दोन तास बसा. मुलाचे नाव, इयत्ता, कोणता दाखला निघाला, कोणता राहिला, एवढे लिहा. कचेरीतून निवृत्त झालेले बांधव वस्तीत आहेतच, त्यांना अर्ज भरायला बसवा. आणि मुलींची नावे आधी लिहा; कागद अडला की घरात पहिल्यांदा तिचेच शिक्षण थांबते.