परक्या मास्तरांचा पगार

गेल्या महिन्यात एक जुनी विद्यार्थिनी पेढे घेऊन आली. जपानातल्या एका विद्यापीठात इंग्रजी शिकवायला निघाली होती.

"सर, पगार ऐकलात तर चक्कर येईल!"

"अन् करार किती दिवसांचा?"

"एका वर्षाचा."

पेढा तोंडात तसाच राहिला. मला लाफ्काडिओ हर्न आठवला. १८९० साली हा गृहस्थ मात्सुए गावात इंग्रजी शिकवू लागला तो महिना १०० येनवर. पुढे कुमामोतोला २०० आणि १८९६ पासून टोकियोच्या शाही विद्यापीठात ४००. त्याने तिथल्याच मुलीशी लग्न केले, नागरिकत्व घेतले, कोइझुमी याकुमो हे नाव लावले. तरी १९०३ मध्ये विद्यापीठाने त्याला निरोप दिलाच. विद्यार्थ्यांनी निषेध केला. उपयोग झाला नाही. त्याच्या जागी आलेल्यांपैकी नात्सुमे सोसेकी यांना तिथे वर्षाला मिळत ८०० येन, म्हणजे हर्नचा दोन महिन्यांचा पगार! पुढच्याच वर्षी हर्न वारला. विद्यार्थ्यांनी उतरून घेतलेल्या त्याच्या व्याख्यानांची मात्र पुढे पुस्तके झाली.

हे सारे सांगून मी म्हणालो, "तेव्हा पोरी, परक्याला मिळतो तो पगार परकेपणाचा. घरभाडे, परतीचे तिकीट, कराराची मुदतवाढ, सगळे लेखी घे."

तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "सर, इथे चार वर्षे मी तासिका तत्त्वावर शिकवले. तास झाला तर पैसे; उन्हाळ्याच्या सुटीत दमडी नाही. तिथे निदान बारा महिन्यांची तरी खात्री आहे. मग परकी मी कुठे होते?"

मी मुकाट्याने दुसरा पेढा उचलला.